सहाव्या रात्री काय होतं? टॉन्सिलच्या ऑपरेशननंतरच्या दिवसांचा इतिहास

यावेळचा भाग पुण्यातल्या खोलीतून नाही, गावाकडून रेकॉर्ड केलाय. भूम तालुक्यातलं ईट. ऑडिओ ऐकताना मध्येच म्हैस हंबरलेली ऐकू येईल, ती एडिट करायचा मी प्रयत्न केला, जमलं नाही. तर चालवून घ्या. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखं खाली सगळं लिहून देतोय, थोडं नीट करून.

मी गावाकडं आलो त्याचं कारण माझा भाचा. वय सात. गेल्या वर्षभरात त्याचा घसा आठ वेळा धरला. प्रत्येक वेळी ताप, गिळता येत नाही, शाळा बुडते, अँटिबायोटिकचा कोर्स, आणि तीन आठवडे बरे गेले की पुन्हा तेच. शेवटी डॉक्टर म्हणाले, टॉन्सिल काढून टाकू. काढले. ताई त्याला घेऊन माहेरी आली, कारण असं लेकरू सांभाळायला घरात माणसं लागतात. मी लॅपटॉप उचलून आलो, वर्क फ्रॉम होम.

पहिले दोन दिवस कण्हणं, लाळ, थोडा ताप. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गडी उठून बसला, मऊ भात खाल्ला, माझ्या मोबाइलवर गेम खेळला. आई म्हणाली, "झालं, निभावलं." पाचव्या दिवशी संध्याकाळपासून पुन्हा कुरकुर. सहाव्या दिवशी रात्री तीन वाजता तो रडत उठला. घशाला नाही, कानाला हात लावून. "मामा, कान दुखायलाय." पाणी घेईना. टॉर्च लावून तोंडात बघितलं तर टॉन्सिलच्या जागी दोन्हीकडं पांढरट-पिवळे चट्टे, आणि तोंडाला असा वास की ताईनं मान फिरवली. थुंकीत गुलाबी रेघ.

घरात चौघांची चार मतं. आईला वाटलं नजर लागली. अण्णा म्हणाले जखमेत पू झालाय, गाडी काढा. आज्जी म्हणाली, "लेकरू चौथ्या दिवशी बरं होतं, मग परत कसं पडलं? काहीतरी आत राहिलंय." ताई काहीच बोलली नाही. ती रडत होती, कारण ऑपरेशनच्या कागदावर सही तिनं केली होती. इंग्रजीतला कागद, तीन ठिकाणी सही. आणि घरी सोडताना मिळालेल्या चिठ्ठीवर औषधं होती, आणि खाली एक ओळ: सात दिवसांनी दाखवणे. मधल्या सात दिवसांत काय होणार, यावर एक शब्द नाही. (दवाखान्याचं नाव विचारू नका. ऑपरेशन त्यांनी उत्तम केलं होतं.)

डॉक्टरांना फोन लागला. त्यांनी झोपेतून उठूनही तीन गोष्टी विचारल्या. लालभडक ताजं रक्त आहे का? झोपेत सारखा गिळतोय का? लघवी किती वेळा झाली? पहिल्या दोन्हींचं उत्तर नाही. लघवी संध्याकाळपासून झालीच नव्हती. मग ते म्हणाले, "घसा कोरडा पडलाय, पाणी पाजा, दुखण्याचं औषध वेळेवर द्या, सकाळी घेऊन या. ताजं रक्त दिसलं तर मात्र सकाळची वाट बघू नका. हे सहाव्या दिवशी असंच होतं."

हे असंच होतं! मग हे आधी का नाही सांगितलं? त्या रात्री मला झोप लागली नाही आणि मी वाचत बसलो. हा भाग त्यातून आलाय. टॉन्सिल कापायचा इतिहास दोन हजार वर्षांचा आहे. पण कापल्यानंतरच्या दोन आठवड्यांचा इतिहास शोधायला गेलं की पानं कोरी निघतात.

पूर्ण कोरी नाहीत म्हणा. आपल्याकडं सुश्रुतसंहितेत तालूच्या रोगांमध्ये 'तुंडिकेरी' नावाचा रोग येतो. टीकाकार नावाचा अर्थ रानकापशीचं फळ असा लावतात. सुजलेल्या टॉन्सिलकडं बघितलंय त्याला ही उपमा लगेच पटेल, आणि कापसाच्या मुलखातल्या माणसाला तर जास्तच. त्याच्या आधी येते 'गलशुंडिका', म्हणजे सुजून लोंबलेली पडजीभ. ती कशी धरायची, कुठल्या शस्त्रानं कापायची, हे सांगून सुश्रुत थांबत नाही. तो म्हणतो, जास्त कापलं तर रक्त वाहून माणूस मरू शकतो, आणि कमी कापलं तर सूज, लाळ, गुंगी, चक्कर, डोळ्यांपुढं अंधारी. म्हणजे नंतर काय काय होऊ शकतं याची यादी आहे बरं का. तुंडिकेरीलाही हीच पद्धत वापरा, असं तो पुढं म्हणतो. आमच्या चिठ्ठीपेक्षा ही यादी लांब आहे.

रोममध्ये पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या लेखकानं लिहून ठेवलं की टॉन्सिल बोटानं भोवतीनं मोकळे करून काढावेत, नाही निघाले तर आकड्यात पकडून कापावेत, आणि मग व्हिनेगरनं गुळण्या करायला लावाव्यात. हे मी आज्जीला वाचून दाखवलं. तिला काहीच आश्चर्य वाटलं नाही. तिच्या लहानपणी पडजीभ 'पडली' की एक म्हातारी हळद-मिठात बोट बुडवून घशात घालायची आणि पडजीभ 'उचलायची'. "आन रगत आलं की म्हनायची, घान गेली." रोम काय आन ईट काय!

एकोणिसाव्या शतकात अवजार आलं. फिलाडेल्फियाच्या फिलिप फिझिक यांनी १८२८ मध्ये पडजीभ कापायच्या यंत्रात बदल करून टॉन्सिल कापायचं यंत्र केलं. कडं, त्यात सरकणारं पातं. लोक त्याला गिलोटिनच म्हणायला लागले. लंडनच्या मोरेल मॅकेन्झी यांनी ते सुधारलं आणि मग ते सगळीकडं गेलं. काही सेकंदांचं काम. यात फक्त बाहेर आलेला भाग कापला जायचा, मूळ आत राहायचं आणि पुन्हा सुजायचं. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्जन मंडळी आवरणासकट अख्खा टॉन्सिल सोलून काढायला लागली. आवरण गेलं की खालचा गिळण्याचा स्नायू उघडा पडतो. त्यावर टाके नाहीत, पट्टी नाही, आणि दिवसातून शेकडो वेळा गिळायचं. गंमत म्हणजे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काही सर्जन पुन्हा आवरणाचा पातळ थर मागं ठेवून काढतात, कारण मुलं लवकर जेवतात आणि रक्त कमी येतं. गोल फिरून जवळजवळ तिथंच.

आता भुलेबद्दल, कारण ती गोष्ट आपल्या घरची आहे. धाराशिव जिल्ह्याचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उस्मानाबाद हे नावही शेवटच्या निजामावरून, मीर उस्मान अली खानवरून. त्याच्या आधीचा निजाम महबूब अली खान याच्या पैशावर हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये दोन 'क्लोरोफॉर्म कमिशन' बसली. प्रश्न असा होता की क्लोरोफॉर्म देताना माणूस अचानक मरतो तो श्वास थांबून की हृदय थांबून? तिथले सर्जन एडवर्ड लॉरी ठाम होते: श्वास सांभाळा, हृदयाला धोका नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाच्या वतीनं लॉडर ब्रंटन लंडनहून आले, शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि लॉरींचं म्हणणं मान्य झालं. लॉरींच्या विद्यार्थिनी रूपाबाई फर्दूनजी या जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक, त्याही याच काळातल्या. पण लॉरी चुकले होते. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयाची लय एकदम बिघडून ते थांबू शकतं. आणि टॉन्सिलसाठी मुलांना द्यायचे ती झटपट हलकीच भूल असायची. मधल्या काळात अशा टेबलावर जी मुलं गेली, त्यांच्याबद्दल अनेकदा असं लिहिलं गेलं की मुलातच दोष होता, छातीतली थायमस ग्रंथी मोठी होती. लेकराचाच दोष. हे वाचून मी लॅपटॉप बंद करून बाहेर जाऊन आलो.

मग ज्या गोष्टीनं मला धरून ठेवलं ती न्यूयॉर्कची. जून १९०६. मॅनहॅटनचा लोअर ईस्ट साइड भाग, पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांची दाट वस्ती. शाळांमध्ये डॉक्टर तपासायला यायचे, आणि ज्या मुलांच्या नाकामागच्या गाठी, म्हणजे ॲडिनॉइड, वाढलेल्या वाटल्या त्यांचं ऑपरेशन चक्क शाळेतच केलं. मुलं घरी आली ती रक्ताळलेल्या तोंडानं, धड बोलता येत नव्हतं. आयांनी काय समजावं? त्याच महिन्यात त्यांच्या मायदेशाकडून, बियालिस्तोक शहरातून, ज्यूंच्या कत्तलीच्या बातम्या आल्या होत्या. अफवा उठली की डॉक्टर शाळेत पोरांचे गळे कापतायत. हजारो बाया शाळांवर चालून गेल्या, दगड मारले, काचा फोडल्या, पोलीस आले. पोरं सहीसलामत बाहेर आली तेव्हाच गर्दी पांगली.

याबद्दल लिहिताना बरेच जण 'अडाणी आयांचा गोंधळ' असा सूर लावतात. मला नाही पटत. त्या बायांना पुरावा दिसत होता, रक्त. त्या पुराव्याचा अर्थ सांगायला कुणी आलं नव्हतं. रात्री तीन वाजता गुलाबी थुंकी बघितल्यावर बीटेक झालेल्या मामाला जे वाटलं ते काही फार वेगळं नव्हतं.

त्यानंतरची तीसेक वर्षं म्हणजे टॉन्सिल कापायची लाट. तोंडातल्या, घशातल्या एका कोपऱ्यात जंतू लपतात आणि तिथून अख्खं शरीर बिघडवतात, असा तेव्हाचा लाडका सिद्धांत होता. सांधे दुखतात, टॉन्सिल काढा. वजन वाढत नाही, टॉन्सिल काढा. न्यू जर्सीतले डॉ. हेन्री कॉटन तर मनोरुग्णांचे दात आणि टॉन्सिल काढत सुटले होते. सिद्धांत पूर्ण खोटा होता असंही नाही. स्ट्रेप्टोकोकस जंतूनं घसा धरला तर नंतर सांधे आणि हृदयाच्या झडपा बिघडवणारा ताप येतो, हे खरंच आहे. अलीकडं १९९८ मध्ये सुसान स्वीडो आणि सहकाऱ्यांनी अशी मुलं नोंदवली, ज्यांच्यात त्याच जंतूच्या संसर्गानंतर अंगाला झटके, एकच गोष्ट पुन्हापुन्हा करणं, अशी लक्षणं एकदम उसळतात. त्यांच्यातही टॉन्सिल काढून बघितलेत, काहींना बरं वाटलं, काहींची लक्षणं परत आली. पक्का निष्कर्ष नाही.

१९३४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका पाहणीचे आकडे छापून आले. डेटावाल्या माणसाला हे वाचून घाम फुटेल. अकरा वर्षांची एक हजार शाळकरी मुलं घेतली. त्यातल्या ६१ टक्क्यांचे टॉन्सिल आधीच काढलेले! उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांना दाखवली, त्यांनी ४५ टक्के मुलांना ऑपरेशन सांगितलं. ज्यांना 'गरज नाही' म्हटलं ती मुलं दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी त्यातल्या ४६ टक्क्यांना ऑपरेशन सांगितलं. पुन्हा उरलेली तिसऱ्यांदा दाखवली, ४४ टक्के. शेवटी हजारातली फक्त ६५ मुलं अशी राहिली ज्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. म्हणजे घसा कुठलाही येवो, डॉक्टर साधारण निम्म्यांना हो म्हणतो. आमच्या ऑफिसात असा क्लासिफायर कुणी रिव्ह्यूला आणला तर त्याला चहाही मिळणार नाही.

लाट ओसरली ती हळूहळू. एक धक्का पोलिओनं दिला. टॉन्सिल नुकतेच काढलेल्या मुलाला पोलिओ झाला तर तो मेंदूच्या बुडाशी जाऊन गिळणं आणि श्वास बंद पाडण्याचा धोका वाढतो, हे १९४० च्या दशकात स्पष्ट होत गेलं, आणि पोलिओच्या हंगामात ही ऑपरेशनं पुढं ढकलायला लागले. मग पेनिसिलिन आलं. आणि कुणाला खरंच गरज आहे याची मोजपट्टी १९८४ मध्ये पिट्सबर्गच्या जॅक पॅराडाइज यांच्या अभ्यासानं रूढ केली: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा, आणि प्रत्येक वेळची नोंद हवी. ताईकडं प्लास्टिकच्या पिशवीत आठही चिठ्ठ्या होत्या. मी तारखा लावून बघितल्या. आमचा गडी बसत होता. खरं सांगतो, तेव्हा पहिल्यांदा छातीवरचा दगड थोडा हलला. पण त्याच अभ्यासात हेही आहे की ऑपरेशन झालेल्या मुलांचा घसा पुढच्या दोन वर्षांत कमी धरला हे खरं, तरी न झालेल्यांपैकीही बरीच मुलं आपोआप सुधारली. हे मी ताईला सांगितलं नाही. सही होऊन गेली होती.

आता या सगळ्यात सहावा दिवस कुठंय? फार शोधल्यावर सापडला, इंग्लंडमध्ये. तिथं 'मॅड काऊ' रोगाचं माणसातलं रूप पसरल्याची धास्ती होती, आणि त्याचं कारण असलेलं प्रथिन टॉन्सिलमध्ये सापडलं होतं. उकळूनही ते हत्यारांवरून पुरतं जात नाही. म्हणून जानेवारी २००१ मध्ये सरकारनं हुकूम काढला: टॉन्सिलसाठी एकदाच वापरायची, फेकून द्यायची हत्यारं. हेतू चांगला. पण सर्जन लोकांकडून तक्रारी यायला लागल्या की मुलं रक्त येऊन परत दवाखान्यात येतायत. वर्ष संपायच्या आत हुकूम मागं. मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं: मोजायचं ठरवलं. जुलै २००३ ते सप्टेंबर २००४, इंग्लंड आणि उत्तर आयर्लंड, जवळजवळ ३४ हजार रुग्ण, प्रत्येकाचं पुढं काय झालं याची नोंद. साधारण साडेतीन टक्क्यांना नंतर रक्त आलं. साध्या थंड हत्यारानं केलेल्यांना सगळ्यात कमी. विजेच्या उष्णतेनं कापून-जाळून केलेल्यांना जवळपास तिप्पट. टेबलावर उष्णतेचं तंत्र सुबक दिसतं, रक्त कमी, वेळ कमी. बिल येतं ते नंतर, घरी. म्हणजे कोड रिलीज होताना हिरवा टिक, आणि प्रॉडक्शनचे लॉग बघायला कुणी बसलंच नव्हतं.

सकाळी डॉक्टरांनी घसा बघितला आणि मला जे सांगितलं ते असं. ते पांढरे चट्टे म्हणजे पू नाही. उघड्या जखमेवर शरीरानं घातलेलं ते झाकण. गुडघ्याची खपली ओली राहिली तर जशी दिसेल तशी. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ते सुटायला लागतं, खालचा भाग पुन्हा उघडा होतो, म्हणून चौथ्या दिवशी बरं वाटलेलं लेकरू सहाव्याला परत पडतं. कान ठीक आहे; टॉन्सिलच्या जागेची आणि मधल्या कानाची नस एकच, त्यामुळं मेंदूला पत्ता चुकीचा कळतो. वास त्या झाकणाचा. रात्री तोंड उघडं ठेवून झोपल्यानं कोरडं पडतं, म्हणून तीन वाजता. दुखतं म्हणून पाणी पीत नाही, पाणी पीत नाही म्हणून जास्त दुखतं. आणि याच दिवसांत ते दुसऱ्या प्रकारचं रक्त येऊ शकतं, शंभरात दोन-चार जणांना. ताजं लाल रक्त आलं, थोडं जरी आलं, तरी घरी थांबायचं नाही. आपल्याकडं त्याला एक अर्थ आहे: ईटहून मोठा दवाखाना गाठायला वेळ लागतो, तेव्हा त्या आठवड्यात गाडी दारात पाहिजे, कुणाच्या तरी लग्नाला गेलेली नको.

औषधाचंही एक. ताईनं शेजारणीकडून आणलेली खोकल्याची जुनी बाटली देऊ का विचारलं होतं. डॉक्टर एकदम खेकसले. त्या बाटलीत कोडीन होतं. काही मुलांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार वेगानं होतं. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर ते दिलेली काही मुलं अमेरिकेत श्वास मंदावून झोपेतच गेली, आणि २०१३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन देण्यावर सगळ्यात कडक इशारा लावला. म्हणजे ही गोष्ट कळायलाही एकविसावं शतक उजाडावं लागलं. साधं पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे, ठरल्या वेळी, रात्री उठवूनसुद्धा, असं आम्हाला लिहून दिलं. तुमच्या लेकराचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझी डिग्री कॉम्प्युटरची आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर ताईनं भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहायला सुरुवात केली. त्या चौकोनांमध्ये आई वर्षानुवर्षं दुधाचा हिशेब लिहिते. त्याच्याच खाली ताईनं लिहिलं: औषध किती वाजता, पाणी किती पेले, लघवी किती वेळा, दुखणं दहापैकी किती. दुखण्याचा आकडा गडी स्वतः बोटांनी दाखवायचा. सहावा दिवस नऊ. सातवा आठ. आठवा परत नऊ, आणि आई परत देवापुढं बसली. नववा पाच. दहाव्याला आज्जीनं चौकोनावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो तीनच हाय नव्हं?" तिला अक्षर वाचता येत नाही, आकडे येतात.

बाराव्या दिवशी गावातून खव्याची गाडी गेली तेव्हा गडी ओट्यावर बसला होता. आमच्या तालुक्यात खव्याच्या भट्ट्या जागोजागी, वासावरूनच कळतं. म्हणाला, "मामा, पेढा." आवाज अजून थोडा नाकातून येत होता. ताईनं माझ्याकडं बघितलं, मी फोन लावला, डॉक्टर हसले आणि म्हणाले मऊ असेल तर द्या, हळूहळू. दोन खाल्ले. तिसरा मीच काढून घेतला.

तेराव्या दिवसाच्या चौकोनात ताईनं काही लिहिलं नाही. तिथं फक्त आईच्या अक्षरात आहे: दूध दोन लिटर.